‘पण’नंतर कोण?

‘ही वर्क्ड हार्ड बट ही फेल्ड.’ महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाने या वाक्याची जेवढी रूपं पाहिलेली असतात, तेवढी गणपतीचीही पाहिलेली नसतील. ‘बट’ काढा, ‘दो’ घाला. ‘ऑलदो’ घाला. ‘यट’ घाला. ‘इन स्पाइट ऑफ’ घाला आणि ‘वर्क्ड’चं ‘वर्किंग’ करा. बारावीच्या पेपरात या प्रश्नाला ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ म्हणतात. सांगितलं तसं करा, अर्थ बदलू देऊ नका. तो बिचारा दर वेळी मेहनत करतो, दर वेळी नापास होतो आणि दर वेळी आपल्याला एक मार्क मिळतो.

माझा आक्षेप त्या ‘अर्थ बदलू देऊ नका’ला आहे. घडून गेलेल्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करायच्या आणि एका वाक्यात बांधायच्या, हे भाषेचं अगदी रोजचं काम. तक्रार, सबब, सांत्वन, गोष्ट, चहाडी, शोकसभेतलं भाषण, सगळं यावर चालतं. आणि हे काम आपल्याला शब्दांची अदलाबदल म्हणून शिकवलं गेलं. त्यात इंग्रजी कच्चं राहिलं ते राहिलंच, नंतर आपण मराठीही तशीच लिहायला लागलो.

अर्थ खरंच बदलत नाही का? निकाल लागलाय, मामाचा फोन आलाय. आई सांगते, “त्याने मेहनत केली, पण नापास झाला.” वडील फोन घेतात आणि म्हणतात, “नापास झाला, पण मेहनत केली होती त्याने.” घटना त्याच दोन, तरी मामाला दोन वेगळी पोरं दिसतात. ‘पण’च्या पुढे जे येतं ते वजनदार ठरतं. कंपनीतल्या अ‍ॅप्रेझलमध्ये हे सगळ्यांना कळतं. ‘काम वेळेत दिलं, पण दोन बग सुटले’ आणि ‘दोन बग सुटले, पण काम वेळेत दिलं’ या दोन वाक्यांमध्ये पगारवाढीचं अंतर असू शकतं. ‘बट’च्या आधीचं कुणी वाचतच नाही.

‘दो’चा स्वभाव वेगळा. ‘बट’ने जोडलेली दोन्ही वाक्यं एका पायरीवर उभी असतात. ‘दो’ ज्याला लागतं ते वाक्य एक पायरी खाली उतरतं, ‘हे मान्यच आहे’ असं म्हणून बाजूला होतं. ते शेवटी टाकलं, ‘ही फेल्ड, दो ही वर्क्ड हार्ड’ असं, तर जाता जाता खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. आणि ‘इन स्पाइट ऑफ हिज हार्ड वर्क’मध्ये तर मेहनत ही घटनाच उरत नाही. क्रियापदाचं नाम झालं. त्याने रात्री जागून केलेलं काहीतरी आता वस्तू होऊन वाक्याच्या कोपऱ्यात पडलंय. तीन वाक्यं, तीन वेगळी वजनं. पेपर तपासणाऱ्याला तिन्ही सारखीच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे याचं एक मजेदार टोक पाहायला मिळतं. कुकुंबर नावाचं चाचण्यांचं साधन आहे. त्यात अपेक्षित वर्तन साध्या वाक्यांत लिहितात, आणि त्या लिखाणाच्या भाषेला गर्किन म्हणतात. ‘गिव्हन’, ‘व्हेन’, ‘देन’, ‘अँड’ आणि ‘बट’ हे तिचे शब्द. गर्किन मराठीतही आहे, आणि तिथे ‘बट’साठी ‘पण’ आणि ‘परंतु’ दोन्ही चालतात. गंमत अशी की चाचणी चालवताना यंत्र ‘अँड’ आणि ‘बट’मध्ये काहीही फरक करत नाही. ‘लॉगिन झालं पण पासवर्ड दिसला नाही’ आणि ‘लॉगिन झालं आणि पासवर्ड दिसला नाही’, यंत्राला दोन्ही एकच. हे यंत्राचं अज्ञान नव्हे. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८७९ मध्येच नोंदवलं होतं की वाक्य खरं की खोटं एवढंच पाहायचं तर ‘आणि’ व ‘पण’ यांत फरक नाही. ‘पण’ फक्त एवढं सुचवतो की पुढे येतंय ते अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. मग यंत्राला चालत नसलेला ‘बट’ गर्किनमध्ये ठेवलाच कशाला? वाचणाऱ्या माणसासाठी. अपेक्षा माणसालाच असते.

बोर्डाचा प्रश्न नेमका यंत्रासारखा विचार करतो. दोन्ही घटना खऱ्या राहिल्या ना, मग अर्थ तोच.

आता मराठीकडे. शाळेच्या मराठी व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’, ‘किंतु’ यांना एक फार सुंदर नाव आहे, आणि आपण ते एमपीएससीच्या गाईडमधल्या कोष्टकासारखं पाठ करून विसरून जातो: न्यूनत्वबोधक. इंग्रजीत अशा शब्दांना ‘अ‍ॅडव्हर्सेटिव्ह’ म्हणतात. मुळातल्या लॅटिन शब्दात समोरासमोर ठाकणं आहे, विरोध आहे, दोन पैलवान आहेत. मराठी नाव म्हणतं, पैलवान वगैरे काही नाही, पहिल्या वाक्यात काहीतरी न्यून आहे, कमी आहे, ते दुसरं वाक्य दाखवून देतंय. ‘तो आला, पण जेवला नाही.’ येणं आणि न जेवणं यांचं वैर नाही. पण आपल्याकडे पाहुण्याचं येणं जेवल्याशिवाय पुरं होत नाही. हे वाक्य त्या अपुऱ्या येण्याबद्दल आहे. निदान अशा वाक्यांपुरतं मला मराठी नाव इंग्रजीपेक्षा जास्त खरं वाटतं. फक्त पुस्तक ते नाव देऊन लगेच यादीकडे वळतं, आणि शेजारचं इंग्रजीचं पुस्तक ‘बट म्हणजे पण’ एवढं सांगून मोकळं होतं.

या कप्प्यांच्या मांडणीचा माग काढत गेलं तर माणूस आमच्याच तालुक्यातल्या एका गावाच्या नावाचा निघतो. मी सातिवलीत राहतो, वसई पूर्वेला. याच वसई तालुक्यात तर्खड नावाचं गाव आहे, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या आडनावातलं तर्खड ते हेच. दादोबांचा जन्म मुंबईचा, १८१४ मधला. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आलं, म्हणजे तेव्हा ते बावीसेक वर्षांचे होते. पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्यात आलं. त्या वयात एका अख्ख्या भाषेची मांडामांड करायची तर कपाट तयार मिळालेलं बरं असतं, आणि इंग्रजी व्याकरणाचं कपाट समोर होतं. मराठीतल्या शब्दांच्या आठ जाती आणि इंग्रजीतले पारंपरिक आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ एकास एक जुळतात, ते काही योगायोगाने नाही. त्याबद्दल दादोबांना बोल लावण्यात अर्थ नाही. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीचा केवढा तरी खोल विचार केला. शाळेत मात्र पोचले ते कप्पेच.

कप्प्यांचा तोटा असा. उभयान्वयी अव्यय एका धड्यात, प्रयोग दुसऱ्या धड्यात, धातुसाधितं तिसऱ्यात. आणि भूतकाळातल्या दोन विरुद्ध गोष्टी मराठीत जोडायच्या तर हे तिन्ही धडे एकाच वाक्यात लागतात.

इंग्रजीत म्हणा, ‘ही केम बट एट नथिंग.’ कर्ता एकदा सांगितला की तो ‘बट’वरून घरंगळत पुढच्या क्रियापदापर्यंत जातो. मराठीत, ‘तो आला, पण...’ आणि इथे अडतं. ‘तो काही खाल्लं नाही’ होत नाही. ‘त्याने काही खाल्लं नाही’ म्हणावं लागतं. येणं अकर्मक, म्हणून ‘तो’. खाणं सकर्मक, आणि भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहतं. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, पोहे खाल्ले. खाणाऱ्याला मग ‘ने’ लावून बाजूला उभं राहावं लागतं. म्हणजे ‘पण’ ओलांडताना आपल्याकडे कर्त्याला कपडे बदलावे लागतात. सीझरचं ते तीन शब्दांचं फुशारकीचं वाक्य मराठीत सांगताना आपण पहिल्या क्रियापदाला ‘तो’ देतो आणि पुढच्या दोघांना ‘त्याने’, ते याचमुळे.

याला अपवाद आहेत आणि ते गोड आहेत. बोलणं, शिकणं, विसरणं, पिणं. ‘तो आला, चहा प्यायला, पण कामाचं विसरला.’ एक ‘तो’ तिन्हीला पुरला. चहा हे कर्म असूनही. मराठीने चहा पिणाऱ्याला ही सूट का दिली असेल यावर एक वेगळा लेख होईल.

आणि ‘मी’? ‘मी आलो, पण काही खाल्लं नाही.’ इथे काहीच अडलं नाही, कारण ‘मी’चं रूप दोन्हीकडे सारखं. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या लिखाणात ‘मी आलों’ पण ‘म्यां केलें’ असं असे. ‘आम्ही’ आणि ‘आम्हीं’ यांतही डोक्यावरच्या एका अनुस्वाराचा फरक असे. ‘म्यां’ बोलण्यातून गेलं, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढल्यावर कागदावरचाही फरक मिटला. ‘तू’चं आणखी वेगळं: ‘तू आलास, पण काही खाल्लं नाहीस.’ कर्ता क्रियापदाच्या शेपटीला ‘स’ होऊन चिकटलेला आहे, त्याला हाकलता येत नाही.

आमच्याकडे सातिवली रोडला गाळेच गाळे आहेत, आणि तिथे मराठीपेक्षा हिंदी जास्त कानावर पडते. हिंदीत ‘मैं आया, लेकिन मैंने कुछ नहीं खाया’, म्हणजे ‘मैं’लाही ‘ने’ लागतो. मुंबई-वसईची आपली हिंदी मात्र ‘मैं खाया, मैं देखा’ म्हणते. त्याला अशुद्ध म्हणून हसतात. पण मराठी ‘मी’ला ‘ने’ची सवयच नाही, त्या हिंदीमागे हे एक कारण नक्की आहे.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याच्याबद्दल बोलतानाच, मराठी आपल्याला थांबवून विचारते: पुढचं कुणी केलं? बोलण्यात आपण कधी टाळतो, ‘तो आला, पण काही खाल्लं नाही’ असं म्हणून जातो. मग जीभ स्वतःच मागे वळते आणि शेवटी जोडते, ‘...काही खाल्लं नाही त्याने.’ हे शेपटाला येणारं ‘त्याने’ कुठल्याही संपादकाने खोडण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहावं. ते वाक्यरचनेचं आळशीपण नाही. राहिलेलं देणं चुकतं करणं आहे ते.

आणि हे देणं बुडवायचं कसं, तेही मराठीला येतं. ‘अर्ज स्वीकारण्यात आला, परंतु त्यावर निर्णय घेण्यात आला नाही.’ असं पत्र महाराष्ट्रात न वाचलेला माणूस विरळा. दोन घटना, दोन्ही भूतकाळात, मध्ये ‘परंतु’, आणि माणूस एकही नाही. ‘-ण्यात आला’ हे सरकारी मराठीचं खास यंत्र: कर्त्याला ‘ने’सकट बाहेर काढतं. आयटीतही वेगळं नाही. सर्व्हर पडला की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात. कुणावर ठपका न ठेवता काय चुकलं ते लिहावं, ही पद्धत गुगलच्या अभियंत्यांच्या २०१६ च्या पुस्तकाने जगभर नेली, आणि कल्पना चांगली आहे, कारण भीती असेल तर माणसं खरं लिहीत नाहीत. पण सरावाने त्याची एक इंग्रजी तयार झाली आहे: ‘द अलर्ट वॉज फायर्ड बट वॉज मिस्ड.’ ठपका नको म्हणता म्हणता माणूसच गेला, आणि त्याच्याबरोबर त्या रात्री त्याच्याकडे आणखी चार अलर्ट वाजत होते ही माहितीही गेली. शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ हा एक प्रश्न होता आणि ‘यूज दो’ हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की वाक्यातला माणूस गायब करता येतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आपण ते नोकरीत शिकलो.

मराठी मुलांच्या इंग्रजीतल्या ज्या चुकांना सगळे हसतात, त्याही या एका वाक्याभोवती गोळा होतात, आणि त्या अडाणीपणाच्या नाहीत. ‘ही डिडन्ट केम.’ विरोध दाखवायचा म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या भागात नकार येतो. इंग्रजीत नकार आला की ‘डिड’ भूतकाळ स्वतःच्या खांद्यावर घेतो आणि क्रियापदाला मूळ रूपात मोकळं सोडतो. ‘केम’चं ‘कम’ होतं. मराठीत ‘आला’चा ‘आला’च राहतो आणि त्याला ‘नाही’ लागतं: ‘आला नाही.’ मुलाने भूतकाळ क्रियापदातच ठेवला, घरी ठेवतात तसा. शिक्षकाने इंग्रजीत भूतकाळ एकाच जागी राहतो एवढं जरी फळ्यावर लिहिलं, तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी चूक, ‘ऑलदो ही वॉज इल, बट ही केम.’ मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ येणारच, एक चप्पल घालून कुणी बाहेर पडत नाही. इंग्रजी एका चपलेत जाते. नियम म्हणून हे शिकवतात, कारण म्हणून नाही.

तिसरी जास्त खोल आहे: ‘इव्हन इफ ही केम, आय डिडन्ट गो.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की तो आला, हे घडलं, तरी मी गेलो नाही. इंग्रजीला इथे ‘ऑलदो’ हवं, कारण ‘इव्हन इफ’ हा न घडलेल्याचा, समजा-घडलं-तरचा शब्द. मराठीत दोन्हीला ‘जरी’. ‘जरी तो आला, तरी मी गेलो नाही’ यात तो आलेला आहे. ‘जरी तो आला, तरी मी जाणार नाही’ यात तो अजून यायचाय. ‘आला’ हे रूप तेच. घडलं की नाही ते वाक्याचं दुसरं टोक येईपर्यंत कळत नाही. म्हणूनच आपलं व्याकरण ‘जरी-तरी’ला ‘पण’च्या कप्प्यात न ठेवता ‘जर-तर’च्या शेजारी, संकेतबोधकात ठेवतं. इंग्रजी शिकवताना हे सांगायला हवं होतं: तुमच्या एका शब्दाची तिकडे दोन घरं झाली आहेत, घडलेल्याचं वेगळं आणि न घडलेल्याचं वेगळं. ‘जरी म्हणजे ऑलदो’ म्हटल्याने ते झाकलं गेलं.

मराठीतल्या पोरांना २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून असे, आणि घरात ‘तर्खडकर’ असे. म्हणजे ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’, तीन भाग. ही दादोबांची नव्हे, दुसऱ्या एका तर्खडकरांची. आधी नियम, मग शब्द, मग वाक्यं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आता या पद्धतीची टिंगल होते, घोकंपट्टी म्हणतात. माझं मत उलट आहे. तिच्यात निदान दोन भाषा एका पानावर समोरासमोर बसत. ‘त्याने’चं काय झालं, ‘नाही’ कुठे गेलं, हे मुलाला स्वतः भाषांतर करताना खटकण्याची शक्यता होती. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये इंग्रजी वाक्य इंग्रजीतच गिरक्या घेतं, आणि मराठी वर्गाबाहेर उभी.

तर्खडकरी पद्धतीचं न्यून वेगळं: शब्दाखाली शब्द. ‘बट’खाली ‘पण’ आलं की काम झालं. पण मराठी विरोध नेहमी जोडशब्दाने दाखवतच नाही. ‘मेहनत करूनही तो नापास झाला.’ इथे ‘पण’ नाही, ‘जरी’ नाही, आहे फक्त ‘करून’ला चिकटलेलं ‘ही’. त्या एका अक्षराने काय काय केलं पाहा. ‘त्याने मेहनत केली, पण तो...’ यातली कपडे बदलण्याची कटकट गेली. शिवाय नुसतं ‘ऊन’ साधारणपणे एकाच कर्त्याच्या दोन क्रिया जोडतं: ‘आई उठून गेली.’ ‘ही’ लागलं की दोन वेगळी माणसंही चालतात: ‘बाबांनी सांगूनही ती थांबली नाही.’ ‘बाबांनी सांगून ती थांबली नाही’ म्हणून पाहा, वाक्य लंगडतं. एका माणसाच्या करण्याला दुसऱ्या माणसाने दाद दिली नाही, आणि हे सगळं एका ‘ही’त. इंग्रजीला हे सांगायला ‘इन स्पाइट ऑफ’ची तीन शब्दांची वरात लागते.

आणि मग ‘मात्र’. इथे मला आजच्या छापील आणि ऑनलाइन मराठीशी भांडायचंय. ‘मात्र’ हा शब्द ज्याला धरायचं त्याच्या मागे उभा राहतो. ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ यात विरोध माणसाचा आहे. ‘त्याने वचन दिलं, पाळलं मात्र नाही’ यात विरोध कृतीचा. ‘मुंबईला मात्र तो गेला नाही’ यात ठिकाणाचा. इंग्रजी हे आवाजाने करते, ‘ही’वर जोर देऊन किंवा ‘केप्ट’वर जोर देऊन, आणि लिहिताना तो जोर हरवतो. मराठीकडे त्यासाठी लिहिता येणारा शब्द आहे. आता कुठलीही बातमी उघडा: ‘मात्र, तो आला नाही.’ वाक्याच्या डोक्यावर, पुढे स्वल्पविराम. हा ‘हाउएव्हर’ आहे, मराठी टोपी घातलेला. तिथे बसून तो कशालाच धरत नाही. माणूस, कृती, ठिकाण, नेमकं काय वेगळं निघालं हे आता वाचकाने शोधायचं. बातमीतल्या प्रत्येक तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी असते आणि तिने काहीही सांगितलेलं नसतं, फक्त ‘आता थोडं वेगळं’ अशी घंटी वाजवलेली असते. ‘मात्र’ डोक्यावर कधीच नव्हता असा माझा दावा नाही. पण हातातलं बारीक चिमट्याचं काम सोडून आपण त्याला घंटी वाजवायला बसवलंय, ते मला उधळपट्टीचं वाटतं.

‘तर’बद्दल थोडक्यात. ‘थोरला मुंबईला गेला, तर धाकटा गावात राहिला.’ यात अपेक्षाभंग नाही, न्यूनही नाही, दोन आयुष्यं शेजारी ठेवलीत फक्त. इंग्रजीचा ‘व्हाइल’. मुलं इथेही ‘बट’ घालतात, मग थोरल्याचं जाणं चुकल्यासारखं वाटतं. पण ‘तो आला तर ती गेली’ हे वाक्य स्वल्पविरामाशिवाय वाचलं तर धमकी वाटते: तो आला की ती गेलीच समजा. स्वल्पविराम घातला की तीच घडून गेलेली हकीकत होते. ही विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. त्याआधीचे लोक हा फरक आवाजाने करत असणार. व्हॉट्सअ‍ॅपवर आता स्वल्पविराम पुन्हा गेलाय, आणि आवाजही नाही.

राहता राहिला तो ‘पण’च. हा शब्द संस्कृत ‘पुनः’पासून प्राकृतातल्या ‘पुण’मार्गे आला. पुन्हा, आणखी. म्हणून तो ‘सुद्धा’ही आहे. ‘मी पण येतो.’ गुजरातीतही ‘पण’चे हेच दोन्ही अर्थ, आणि वसईत दोन्ही भाषांचे ‘पण’ एकाच टपरीवर ऐकू येतात. नावाला चिकटला तर माणसाला घोळक्यात सामील करून घेतो, दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहिला तर न्यून दाखवतो. इंग्रजीतला ‘बट’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बाहेर, वगळून’ अशा अर्थाच्या शब्दातून आलाय. एक आत घेणारा, एक बाहेर काढणारा, आणि आपण त्यांना शब्दकोशात समोरासमोर बसवून टाकलं.

या ‘पण’चा सगळ्यात जास्त वापर अशा ठिकाणी होतो जिथे पुढे वाक्यच नसतं. “फोन केला होता रे, पण...” “तुझं बरोबर होतं, पण...” भूतकाळातली एक गोष्ट सांगितली, तिचं न्यून मान्य केलं, आणि दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यावर सोडली. त्याला ती ठाऊक असते. ‘दो’ वापरून हे वाक्य पुन्हा लिहा. अर्थ बदलू देऊ नका.